मिनामधली घोळ

झुंबरतात्यांनी दगडावरचं गोणपाट ओढून काढलं आणि तळहातानं वरची भुकटी पुसली. वर चांदतारा, त्याखाली ७८६, मग बरीच मोकळी जागा आणि मधोमध एका ओळीत 'मरहूमा करिमाबी इमाम मुलाणी'. खाली सणसर आणि तारीख. अक्षरं सुबक होती. मी ती पुन्हा वाचली, कारण त्यात एक शब्द नव्हता.

"तात्या, हज्जन कुठं आहे?"

"कोन?"

"शब्द. अम्मा हजला जाऊन आली होती. नावाच्या आधी हज्जन लिहितात."

तात्यांनी छिन्नी खाली ठेवली. "तुमच्या मामांनी सांगितलं त्ये कोरलं. मी इचारलं व्हतं बरं का. म्हनलं हाजीसाहेब, बाई तर हजला जाऊन आल्यात, वर काय लावायचं? तर म्हनले, नुसतं नाव लाव. म्हनलं बरं. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा न्हाय. मागं एकानं बापाच्या दगडावर 'कैलासवासी' नको म्हनून सांगितलं. म्हनला, बाप तिकडं गेला आसंल असं वाटत न्हाय."

एरवी मी हसले असते.

मला भाऊ नाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. अम्मा गेल्यावर दगडाचं काम बाबालालमामूंनी अंगावर घेतलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. ते अम्माचे थोरले भाऊ. दवाखान्यात तिच्या उशाशी बसायला तेच असायचे, स्वतःच्या हातानं तिला पेज भरवायचे. हे आधीच सांगून ठेवते. ते वाईट माणूस असते तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

त्यांचं दुकानही इंदापुरातच, तात्यांच्या समोर रस्त्याच्या पलीकडे आहे. पाटीवर 'हाजी बाबालाल तांबोळी' आणि त्याखाली पाइप, मोटार आणि ठिबकचं सामान मिळेल असं. मी गेले तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला नळी मापून देत होते.

"ये शबू. जेवलीस?"

"दगड बघून आले."

"कसा झालाय? काळा घेतला मुद्दाम. पांढरा मळतो."

"हज्जन नाही त्यावर."

त्यांनी नळीचं वेटोळं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, तो जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "न्हाय. नसंल."

"का?"

"का त्ये तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी अम्मा आणि मामू बरोबर हजला गेले. अम्मा विधवा, म्हणून सोबत सख्खा भाऊ, महरम, म्हणजे तिची जबाबदारी घेणारा घरचा पुरुष. निघण्याआधी बारामतीला शिकवणीचे वर्ग झाले. तिथं सांगितलेलं सगळं मामूंनी पाठ केलं आणि अम्माकडून घोकून घेतलं. एहराम, म्हणजे हजचा वेष आणि त्याचे नेम, बांधला की अत्तर नाही, वासाचा साबण नाही. केस तोडायचा नाही, नख काढायचं नाही. पुरुषानं शिवलेला कपडा घालायचा नाही आणि डोकं झाकायचं नाही. शिकार करायची नाही. आणि मक्केभोवतीच्या हरमच्या हद्दीत आपोआप उगवलेलं हिरवं झाड तोडायचं नाही, गवताची काडीसुद्धा नाही. अम्मा बाकी सगळ्याला घाबरायची. साबणाचा वास घेऊन बघायची, कंगवा तर तिनं बॅगेच्या तळाशी टाकला होता. गवताचं मात्र तिनं मनावर घेतलं नाही. वाळवंटात कुठलं गवत, असं तिला वाटलं असणार.

मिना त्या हद्दीत येतं. तिथं तंबूंच्या रांगेत वजूचे, नमाजाआधी हातपाय धुवायचे नळ होते आणि एक नळ गळत होता. अम्मा पाळीची वाट बघत उकिडवी बसली होती. समोर ओल, ओलीत फरशीच्या फटीतून आलेलं काहीतरी हिरवं. पुढचं तिच्या हातानं केलं. जिनं साऱ्या जन्मात सणसरच्या उसात खुरपणी केली, तिला उकिडवं बसवून पुढ्यात हिरवं ठेवल्यावर दुसरं काय होणार होतं? तिनं ते उपटलं, मुळासकट. मूळ मागं ठेवलं तर ती खुरपणीच नव्हे, असं ती म्हणायची.

मामू मागंच उभे होते. "करिमा! काय केलंस ह्ये!" असं ते एवढ्यानं ओरडले, की शेजारच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. अम्मानं ते रोप परत फटीत खोचलं, बोटानं माती दाबली आणि बाटलीतलं पाणी त्याला घातलं.

परत आल्यावर सणसरला जेवण होतं. मी आत बायकांत वाढत होते. बाहेर कुणीतरी हार घेऊन उठलं आणि म्हणालं, "आता हज्जन करिमाबींना…" मामू म्हणाले, "थांबा. तिचा हज लटकलाय अजून. दम द्यायचा राहिलाय." दम म्हणजे तिकडं मक्केत बकरा कापायचा. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी अम्मानं मला एवढंच सांगितलं की काहीतरी थोडं राहिलंय. पण त्यानंतर कुणी हज्जन म्हटलं की ती म्हणायची, "म्हनू नका गं." महिन्याभरात तिचं दुखणं सुरू झालं.

"एक बकरा कबूल कर," मामू आता मला म्हणत होते. "माझ्या वळखीचा मानूस उमऱ्याला मक्केत चाललाय. तितं दम देईल तिच्या नावानं. मग मी स्वतः हुबा ऱ्हाऊन हज्जन कोरून घेतो."

"अम्मानं असं काय केलंय?"

"हरममधलं झाड तोडलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं म्या."

"न कळत तोडलं."

"न कळत म्हंजी? त्या आधी मी कितींदा घोकून घेतलं व्हतं तिच्याकडनं!"

"तिला माहीत होतं मामू. तिच्या हाताला माहीत नव्हतं."

"लई पुस्तकं वाचलीस तू. शाळेत मराठी शिकवायची सोडून आता धरमाचे मसले काढायला लागली." ते रागानं नाही, थकल्यासारखे बोलले. "बकरा दिला तर काय बिघडतंय? तिचंच भलं व्हईल."

"बकरा दिला तर मी तिच्या नावावर गुन्हा कबूल केला असं होईल. तो मी करणार नाही."

"मग दगड हाय तसा बसंल."

मी बारामतीची गाडी धरली, पण वाटेत सणसरला उतरले. घर उघडून बघायचं होतं. कुलूप काढतानाच प्रयागबाई कुंपणापाशी आल्या. त्या आणि अम्मा एका टोळीत खुरपायच्या, एकाच डब्यातलं खायच्या. दगडाचं सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून खालीच बसल्या.

"एक तन उपटलं म्हनून देव रुसला? मग आमचं गं काय व्हायचं? आमचा तर जल्म उपटन्यात गेला."

"त्या जागेचा नियम आहे, मावशी. तिथलं तोडायचं नसतं."

"नेम आसंल. म्या कुठं न्हाय म्हनते? पन नेम चुकून मोडला आन् नेम ठरवून मोडला ह्यात काय फरक हाय का न्हाय? आमी तर तिला बांधावर हाजीबाईच म्हनायचो. ती म्हनायची, म्हनू नका गं प्रयागे. म्या म्हनायची, तुझा भाव बांधावर न्हाय आला, गप बस. मग हसायची. पन आदीसारखी न्हाय."

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात अम्मानं मला सगळं सांगितलं होतं. नळाचं, रोपाचं, मामूंच्या ओरडण्याचं. आणि आणखी एक गोष्ट. दुसऱ्या दिवशी मिनाहून अराफातला जाताना बस रखडत चालली होती. आत एसीचा गारठा सोडलेला. शेजारी मामू झोपले होते. झोपेत थंडी वाजली तशी त्यांनी अंगावरची चादर डोक्यावरून ओढून घेतली. एहराममध्ये पुरुषाचं डोकं उघडं पाहिजे. अम्मानं हळूच चादर खाली सारली. त्यांनी पुन्हा ओढली. तिनं पुन्हा सारली. कधी तिला डुलकी लागायची आणि जाग आली की चादर परत डोक्यावर. "सारा रस्ताभर आमची रस्सीखेच," ती म्हणाली. मी विचारलं, उठवलं का नाहीस? तर म्हणाली, "दमला व्हता. आन् कळलं आसतं तर भ्याला आसता. लई भितो त्यो."

मग तिनं विचारलं, "माझा हज झाला का गं?"

मी म्हणाले, झाला.

"तुला काय ठावं? तू तितं नव्हतीस."



दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बारामतीत मौलाना मोईन यांच्याकडे गेले. माझ्याहून वयानं लहान, मूळचे पिंपळीचे. मशिदीशेजारच्या खोलीत त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले. मी सगळं सांगितलं, मामूंचं नाव न घेता. त्यांनी विचारलेले प्रश्न ऐकून मला वाटलं, समोर कृषी खात्यातला माणूस बसला आहे.

"हिरवं होतं की वाळलेलं?"

"हिरवं."

"कुणी लावलेलं की आपोआप आलेलं?"

"नळाखालच्या फटीत कोण लावणार?"

"आणि होतं काय?"

"ती म्हणायची, घोळ. पान जाड, दांडी लालसर, जमिनीला धरून पसरलेली."

"म्हणजे घोळीनंच घोळ केला," असं ते बोलून गेले आणि लगेच ओशाळले. "माफ करा. तोंडातनं गेलं."

"अम्मा असती तर तीच आधी म्हणाली असती."

त्यांना जरा बरं वाटलं. "आपल्याकडे घोळ कुणी लावतं का?"

"नाही. उपटतात. उपटलेल्यातली थोडी भाजीला नेतात."

"माझी आईपण नेते. पण तिकडं लावतात बरं का. बाजारात जुड्या मिळतात. आणि आपल्या हनफी पंथाच्या मसल्यात असं आहे, की जी झाडं लोक सहसा लावतात, ती हरममध्ये आपोआप उगवली तरी तोडायची मनाई नाही. मनाई आहे ती रानटी झाडाची, जे कुणी लावत नाही. तेव्हा ती घोळच असेल, तर तुमच्या अम्मांवर काहीसुद्धा येत नाही."

"आणि दुसरं काही असेल तर?"

"तर त्या रोपाची जी काय किंमत होईल, तेवढा सदका. गरिबाला द्यायचा. एवढ्याशा रोपाची काय किंमत होणार?"

"दम?"

"नाही."

"आणि हज? तो लटकतो का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. हा प्रश्न मी का विचारते आहे हे त्यांना बहुधा तेव्हा कळलं. "अराफातच्या मैदानात उभं राहणं सुटलं, तर हज सुटतो. त्या उभ्या होत्या ना? मग हज झाला. झाड तोडल्यानं हज जात नाही. मुद्दाम तोडलं असतं तर गुनाह झाला असता, तरी हज गेला नसता. आणि त्यांच्या हातून तर न कळत झालं. त्यात गुनाहही नाही."

खोलीत पंखा फिरत होता, बाहेर पोरांचं पाठांतर चाललं होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ होतं, तो प्रश्न उराशी धरून माझी आई गेली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग.

"गुनाह नाही, तर सदका तरी कशाला?" मी विचारलं.

"शेजारच्या घरी गेलात आणि धक्का लागून त्यांचा माठ फुटला. तुम्ही गुन्हेगार नाही. पण माठ तर फुटलाच ना? तो भरून द्यायचा, आणि हसत घरी यायचं. शेजारीही काही म्हणत नाही."

"आणि तिसराच कुणी गावभर सांगत सुटला, हिनं माठ फोडला म्हणून?"

"त्याचा मसला वेगळा," मौलाना म्हणाले. "तो फार अवघड."

उठण्याआधी मी बसमधल्या चादरीचं विचारलं. पुरुष, झोपेत, थंडीनं. ते म्हणाले, झोपेत झालं, गुनाह नाही. पण डोकं झाकलं गेलं, तेव्हा सदका आहे. किती वेळ झाकलं त्यावर कमीजास्त. मूठभर धान्य, नाहीतर ईदला गरिबाला देतात त्या फितऱ्याएवढं. दिवसभर झाकलं असतं तर मात्र दम आला असता.

"त्यांच्यातर्फे मी देऊन टाकलं तर?"

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग तसं चालणार नाही. ज्याचं त्यानं द्यायचं, नाहीतर त्यानं दुसऱ्याला सांगून द्यायचं. त्यांना सांगावं लागेल."

"नाही सांगितलं तर?"

"त्यांच्या अंगावर तसंच राहील."

त्यांनी अम्माचा मसला लिहून देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. अम्माचं नाव कुणाच्या सहीनं दगडावर यावं, हे मला पटेना. ते म्हणाले, "जशी मर्जी. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

घरी येताना बाजारातून मी तांदूळ घेतला आणि मशिदीच्या दारातल्या म्हातारीच्या पदरात ओतला. घोळ असेल तरी, नसेल तरी. बकरा मात्र देणार नव्हते.

रविवारी सकाळी मी इंदापूरला गेले. झुंबरतात्या मैलाच्या दगडावर गेरू लावत होते.

"तात्या, हज्जन कोरा."

"हाजीसाहेबांची आर्डर हाय बाई."

"आई माझी आहे."

त्यांनी डोकं खाजवलं. "त्ये बी खरं. पन एकदा त्यास्नी इचारतो. न्हायतर उद्या माझ्या नावानं शिमगा." त्यांनी फोन लावायच्या आधीच मामू रस्ता ओलांडून आले. दुकानातून त्यांनी मला पाहिलं असणार. त्यांच्यामागून दुकानात बसलेले दोघे-तिघेही आले. शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातलं काम थांबवलं.

"बकऱ्याचं ठरलं का?" मामूंनी विचारलं.

"बकरा लागत नाही. मौलाना मोईनना विचारून आले. हज झाला आहे."

"त्यांनी सांगितलं आसंल. मी न्हाय म्हनत न्हाय." मामूंचा आवाज खाली आला. "पन शबू, तिच्या तोंडनं मी कधी हज्जन ऐकलं न्हाय. लोकं म्हनायची तर ती नको म्हनायची. तिला स्वतःलाच वाटत नव्हतं. मग आपुन कोन तिच्या दगडावर लिवनार?"

हे मात्र मला लागलं. कारण ते खरं होतं.

"तिला वाटत नव्हतं," मी म्हणाले, "कारण तुम्ही तिला सांगितलं होतं. तिनं आयुष्यभर तुमचं ऐकलं. तुम्ही सांगितलं म्हणून साबण हुंगला, कंगवा दडवला. तुम्ही हज झाला नाही म्हणालात, तर तेही तिनं ऐकलं."

"मी खोटं बोललो का?"

"चुकीचं बोललात. आणि माणसं बोलावून बोललात."

"मी महरम व्हतो तिचा! आखिरतमधी मला इचारतील, तुझ्या समोर झालं, तू काय केलंस?"

"मग सांगा तिथं. म्हणावं, जेवायला बसलेल्या लोकांसमोर मी तिच्या गळ्यात पडायचा हार थांबवला."

दुकानातल्यांपैकी एक जण म्हणाला, "अगं बाई, थोरल्या मानसाशी…" मामूंनीच त्याला हातानं गप्प केलं.

बसमधली चादर माझ्या जिभेवर होती. एवढे लोक उभे होते. एक वाक्य पुरलं असतं. मी ते गिळलं आणि झुंबरतात्यांकडे वळले.

"कोरा तात्या."

"मी मानत न्हाय," मामू म्हणाले. "जमातीला सांगीन. ह्यो दगड कब्रस्तानात बसू देनार न्हाय."

"सांगा. मीही येते. तुमच्या जमातीला जे विचारायचं ते मला समोर विचारू दे. मी आत बायकांत वाढत बसणार नाही. आणि त्या दिवशी नाही बसला, तर दुसऱ्या दिवशी परत घेऊन येईन. दगड आहे, नासत नाही."

पंक्चरवाला फसकन हसला आणि लगेच टायरकडे वळला.

तात्या दगडापाशी वाकले, पेन्सिलीनं मापं घेतली. "नावाच्या आदी जागाच न्हाय वो. ओळ मधोमध धरलीया. घालायचा तर वर, ह्या मोकळ्या जागंत. एकटाच शब्द. त्यो बी मोठा काढावा लागंल, न्हायतर लई उपाशी दिसंल."

"मोठा काढा."

त्यांनी मामूंकडे पाहिलं. मामू दगडाकडे बघत होते. आलेली माणसं थोडा वेळ घुटमळली आणि दुकानाकडे परत गेली. तात्यांनी ठोकायला सुरुवात केली. मामू मात्र गेले नाहीत. ते गेरू न लावलेल्या एका मैलाच्या दगडावर बसले. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"मामू, मिनाहून अराफातला जाताना बसमध्ये तुम्ही झोपला होता."

"आसंल. का?"

"झोपेत तुम्ही चादर डोक्यावर घेतली होती. अम्मानं काढली. तुम्ही परत घेतली. अराफात येईपर्यंत असंच चाललं होतं."

त्यांचा हात टोपीकडे गेला आणि तिथंच राहिला. "कुनी सांगितलं?"

"तिनं. दवाखान्यात."

"मला का न्हाय उठवलं?"

"दमला होता म्हणाली. आणि भ्याला असता म्हणाली."

छिन्नीचे ठोके पडत होते. मामूंचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "अजून कुनाला ठावं हाय?"

"मला. आता तुम्हाला."

"मगाशी का न्हाय बोललीस? एवढी मानसं व्हती."



त्यांनी रस्त्यापलीकडच्या आपल्या पाटीकडे पाहिलं. "म्हंजी माझा बी…"

"तुमचा हज झालाय. झोपेत झालं त्याचा गुनाह नाही. थोडं धान्य द्यायचं आहे, किती ते मौलानांना विचारा. ते तुम्हीच द्यायचं असतं, म्हणून सांगावं लागलं. नाहीतर मी हे माझ्याबरोबर नेलं असतं."

"अन् मी जमातीत काय बोलू आता?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यासाठी मी हे सांगितलेलं नाही. तुमचं देणं राहिलं होतं म्हणून सांगितलं. अम्माचं राहिलं नव्हतं."

त्यांनी डोळे पुसले. मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी तो धरला नाही. त्यांनी माफी मागितली नव्हती, आणि मागितली असती तरी ती माझ्याकडे मागून काय उपयोग होता?

तात्यांनी 'ह' संपवला, फुंकर मारून भुकटी उडवली आणि मान वर केली. "बाई, पुढचं दोन ज येगळं काढू का एकाला एक जोडून?"

मामू माझ्याकडे बघत होते.

"जोडून," मी म्हणाले. "आणि खोल कोरा. खालच्या ओळीपेक्षा खोल."